चिचुंद्रीच्या दारावर पिकअप

चिचुंद्री होती इवलीशी. नाक मात्र लांबच लांब! रस्त्याच्या कडेला तिचं बीळ. बिळात तिची तीन पिल्लं.

सकाळी चिचुंद्री खाऊ शोधायला बाहेर आली. नाक वर केलं. सूं सूं!

तेवढ्यात आली एक पिकअप. कलिंगडांनी गच्च भरलेली. घर्र... घर्र... फुस्स! बंदच पडली. आणि चाक थांबलं कुठे? बरोब्बर बिळाच्या दारावर!

आतून पिल्लं ओरडली, "आई, ये ना! भूक लागली!"

चिचुंद्री धावत दाराशी आली. आता आत जायचं कसं? दारात एवढं मोठ्ठं चाक!

म्हादूमामा पिकअपचे ड्रायव्हर. ते खाली उतरले. बॉनेट उघडलं. कपाळावर हात मारला. "ही बॅटरीच वाईट! नवीकोरी घातली, तरी झोपली!" आणि कलिंगडांवर जाऊन बसले, गाल फुगवून.

चिचुंद्री म्हणाली,
"पिकअपबाई, पिकअपबाई, हाल ना!
दार उघडेना,
पिल्लं माझी आत!"

"मी नाही हालणार. आधी बॅटरीला जागं कर."

चिचुंद्री चढली वर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बॅटरीताई, बॅटरीताई, जागी हो ना!
पिकअप हालेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी आत!"

"मी नाही होणार. माझ्या पोटात वीजच नाही. उपाशी मी, आणि बोलणीही मीच खायची! मला वीज भरवतो अल्टरनेटर. त्याला सांग."

शेजारीच होते अल्टरनेटर आजोबा. इंजिनाच्या पट्ट्याबरोबर गरगर फिरायचं, वीज करायची, बॅटरीला भरवायची. हे त्यांचं काम. चिचुंद्री गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आजोबा, आजोबा, वीज द्या ना!
बॅटरी जागेना,
पिकअप हालेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी आत!"

"मी नाही देणार. फिरून फिरून झिजलो गं बाई! मिस्त्रीला सांग. मला काढ म्हणावं, नवा बसव म्हणावं."

रस्त्यापलीकडे याकूब मिस्त्रींचं गॅरेज. मिस्त्री खाटेवर आडवे. आऽऽऽ! केवढी मोठी जांभई! चिचुंद्री गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मिस्त्रीचाचा, मिस्त्रीचाचा, नवा बसवा ना!
अल्टरनेटर चालेना,
बॅटरी जागेना,
पिकअप हालेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी आत!"

"मी नाही उठणार. चहा नाही, तर काम नाही. आधी चहा आण."

चिचुंद्री गेली सगुणामावशीच्या टपरीवर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मावशी, मावशी, चहा द्या ना!
मिस्त्री उठेना,
अल्टरनेटर चालेना,
बॅटरी जागेना,
पिकअप हालेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी आत!"

"मी नाही देणार. दूध संपलं बघ. आधी शेळीला सांग."

टपरीमागे शेळी बांधलेली. चिचुंद्री गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"शेळीकाकू, शेळीकाकू, दूध दे ना!
चहा उकळेना,
मिस्त्री उठेना,
अल्टरनेटर चालेना,
बॅटरी जागेना,
पिकअप हालेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी आत!"

"मी नाही देणार. आधी बाभळीच्या शेंगा पाहिजेत. कुरुमकुरुम वाजतील अशा!"

आता मात्र चिचुंद्री रडकुंडीला आली. तरी गेलीच बाभळीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बाभूळआजी, बाभूळआजी, शेंगा टाक ना!
शेळी दूध देईना,
चहा उकळेना,
मिस्त्री उठेना,
अल्टरनेटर चालेना,
बॅटरी जागेना,
पिकअप हालेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी आत!"

"मी नाही टाकणार. माझ्या बुंध्याला वाळवी लागली. खाज खाज खाजतंय! आधी ही वाळवी कुणीतरी खा गं!"

चिचुंद्रीने डोळे पुसले. "खायची? वाळवी? अगं आजी, हे आधी नाही का सांगायचं!"

मटक! मटक! मटक! गट्टम! सगळी वाळवी फस्त. चिचुंद्रीचं पोट टम्म!

बाभूळ खुदकन हसली. अंग हलवलं. टपटप, टपटप शेंगा पडल्या.
शेळीने शेंगा खाल्ल्या, कुरुमकुरुम. दूध दिलं, चुर्र चुर्र.
मावशीने चहा केला, खदखद खदखद.
मिस्त्री चहा प्यायले, फुर्र फुर्र. आणि ताडकन उठले!

मिस्त्रींनी आपल्या गाडीची बॅटरी आणली. वायर जोडली. घुर्र! इंजिन सुरू झालं. मग वीज मोजायचा मीटर लावला. काटा वर चढायला हवा. पण चढतोय कुठला! खालीच लोळतोय.

"हाल ना आता!" चिचुंद्री ओरडली.

"थांब गं. आत्ता निघाली, तर वाटेत परत झोपेल." मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. "म्हादूभाऊ, बॅटरीला उगाच बोललात. बॅटरी चांगली हाय. अल्टरनेटर गेलाय!"

मिस्त्रींनी वायर काढली. पाना फिरवला, किर्र किर्र. पट्टा सैल केला. अल्टरनेटर आजोबा बाहेर आले. "हुश्श! सुटलो बाबा!" त्यांच्या जागी नवा बसला. पट्टा ताणला. वायर जोडली. घुर्र!

नवा अल्टरनेटर फिरला, गरगर गरगर. मीटरचा काटा टुणकन वर!

बॅटरीच्या पोटात वीज गेली. बॅटरी जागी झाली. म्हादूमामांनी तिच्यावर हात फिरवला. "चुकलो गं बाई," म्हणाले आणि गाडीत बसले.

पों पों! पिकअप हालली. चाक सरकलं. दार उघडलं!

चिचुंद्री निघाली घरी. पण तुरुतुरु कुठली! पोट केवढं! चालली आपली डुलत डुलत.

बिळात नाक घातलं. नाक गेलं. मिशा गेल्या. आणि पोट अडकलं!

"अगंबाई! आता काय करू?"

आतून पिल्लं म्हणाली, "आई, तू सरक. आम्हीच येतो!"

एक पिल्लू बाहेर आलं. त्याची शेपटी धरून दुसरं आलं. दुसऱ्याची शेपटी धरून तिसरं आलं. सगळी आईच्या कुशीत शिरली. चुटुचुटु, चुटुचुटु दूध पिऊ लागली.

आईच्या पोटात वाळवी. पिल्लांच्या पोटात दूध.

"प्या रे माझ्या राजांनो," चिचुंद्री म्हणाली. "आज खूप आहे."