पलीकडची घंटी

शेलवाडीच्या सायकलपुलावर दोन सायकली समोरासमोर आल्या, तर एकीला अंग चोरून उभं राहावं लागतं. या पुलाची एक रीत आहे. पलीकडच्या टोकाला पोचलं की घंटी एकदा वाजवायची, मग रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी. पाहुण्यांना नवल वाटतं. सखोबा गुरव मग देवळाच्या ओट्यावर बसकण मारतो. बाकीच्या गोष्टी तो तंबाखू मळत सांगतो. ही सांगताना चंची उघडत नाही.

पूल नव्हता तेव्हाही शाळा पलीकडे पारगावातच होती. सांडवी नदीला उतार असला की पोरी गुडघाभर पाण्यातून सायकली ढकलत न्यायच्या. काठावर सगुणा कुंभारीण मडकी थापायची. नवरा आधीच गेलेला, घरात ती आणि लेक शेवंता. "पल्याड पोचलीस की घंटी वाजव गं," तिनं लेकीला सांगून ठेवलं होतं. रोज सकाळी सगुणा हातातली थापी थांबवायची, घंटी ऐकायची आणि पुन्हा कामाला लागायची.

एके सकाळी घंटी वाजलीच नाही. वर डोंगरात पाऊस झाला होता, लोंढा आला. शेवंता तिसऱ्या दिवशी सापडली. सायकल सापडलीच नाही.

सगुणा रडली नाही, असं सांगतात. जेवायची, मडकी थापायची, विचारलं तर बोलायची. फक्त शाळेच्या वेळेला तिची थापी हवेत थांबायची आणि बराच वेळ खाली येत नसे. आत काही उरलंच नव्हतं, तर रडणार कशानं?

दोन वर्षांनी गावानं श्रमदानातून पूल बांधायचं ठरवलं. भूमिपूजनाला पहिली कुदळ भरल्या घरच्या जोडप्यानं मारायची, हा रिवाज. सगुणेला आवतण गेलं नाही. ती आपण होऊन आली आणि सगळ्यांच्या मागे उभी राहिली.

पहिला नारळ फोडला, नासका निघाला. दुसराही तसाच. तिसऱ्याचा वास आला तेव्हा गवंड्यांनी घमेली खाली ठेवली. "नदीच्या मनात न्हाई. आमी खणणार न्हाई." कुणीतरी कुजबुजलं, "पूल बळी मागतोय."

गवंडी गेले की पूल गेला, आणि पावसाळ्यात पोरी पुन्हा त्याच पाण्यात उतरणार, एवढं सगुणेला कळलं. ती गर्दीतून पुढे आली. भिवबा पाटील आडवे आले. "सगुणा, शुभकार्य हाय बाई. तुझा हात नगं."

"बळी मागतोय म्हणतासा न्हवं? माझ्या घरचा कवाच गेलाय," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता, मडक्याची किंमत सांगावी तसा.

पाटलांनी पागोटं उतरवलं आणि कुदळ तिच्या हातात दिली.

पहिल्या घावाला तिला काही वाटलं नाही, दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला काहीतरी खणकलं. गाळात सायकलची घंटी होती म्हणे. कुणी म्हणतं, ती कुणाचीही असेल. सखोबा म्हणतो, असेल बाबा. सगुणेनं ती पदरानं पुसली, अंगठ्यानं दाबून पाहिली. माती भरलेली, वाजली नाही. तिनं ती परत खड्ड्यात ठेवली. "ऱ्हाऊ दे हितंच, पायाला." गवंड्यांनी घमेली उचलली.

पूल झाला, त्यावरून पहिल्यांदा शाळेच्या पोरी गेल्या. सगुणेनं त्यांच्याकडे एवढंच मागितलं होतं: पोचलात की वाजवा. पलीकडून घंट्या वाजल्या. "पोचल्या," ती म्हणाली आणि घरी गेली.

तेव्हा तरी ती रडली का, असं पाहुणे हटकून विचारतात. सखोबा नाही म्हणतो. त्या सकाळी तिनं थापी मध्येच न थांबवता एक मडकं पुरं केलं, असं सांगतात.

आजही एखादा वाटसरू घंटी वाजवायला विसरला, तर अलीकडे धुणं धुणारी कुणीतरी बाई हातातलं पिळलेलं लुगडं तसंच धरून उभी राहते आणि पाण्यावरून हाक घालते, "पोचलास का रं?" उत्तर येईपर्यंत ती खाली बसत नाही.