टाळ्यांपुरता सहभाग

कुंभाराची रखमा शाळेत पोरांना मातीकाम शिकवत होती. तपासणीला आलेल्या बोंद्रेसाहेबांनी तिला वर्गाबाहेर काढलं.

शाळा समितीची हौसाबाई गोंधळली. "साहेब, अभ्यासक्रमात गावाचा सहभाग हवा, असं तुम्हीच म्हणालात ना?"

"हवाच! पण सहभाग म्हणजे बैठकीला यायचं, बसायचं, टाळ्या वाजवायच्या. शिकवण्यात हात घालायचा नाही."

हौसाबाईच्या डोक्यात काही शिरेना. नुसत्या टाळ्यांनी पोरं शिकणार कशी?

दुपारी गावानं साहेबांना झुणका-भाकर वाढली. साहेबांनी हात पुढं करताच हौसाबाईनं ताट स्वतःकडं ओढलं.

"हे काय, बाई?"

"जेवणात तुमचाही सहभाग हवाच की! तुम्ही बसा, टाळ्या वाजवा. भाकरीत हात घालायचा नाही."

सगळी पंगत हसली. साहेब चुळबुळले, भाकरीकडं बघत म्हणाले, "बोलवा त्या रखमाबाईंना वर्गात."

मग ताट परत सरकलं.