कात न टाकणारा राजा

पूर्वी वेलवती नावाच्या नगरीत नागराजा कमलांक राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्माला आला होता. नगरी म्हणजे एक वारूळच. राजा मात्र एवढा लांब, की तोंड दरबारात प्रणाम स्वीकारीत असे तेव्हा शेपूट अजून स्नान करीत असे.

राजाच्या फण्यावर कमळाचे चिन्ह होते. ते पाहूनच नागांनी त्याला राजा केले होते. त्यामुळे कात टाकायची वेळ आली तसा तो घाबरला. कातीबरोबर कमळही गेले तर? शिवाय त्या दिवसांत डोळ्यांवर दुधाळ पडदा येतो आणि अंग ठणकते. राजाने ठरवले, कात टाकायचीच नाही. कात घासून निघू नये म्हणून त्याने वारुळातला खडा न् काटा वेचून बाहेर टाकवला, भिंती गुळगुळीत लिंपून घेतल्या आणि फण्याभोवती गवत आवळून बांधले. माणूस असा वेडेपणा करणार नाही. त्याला करायला दुसरे पुष्कळ असतात.

अंग मात्र वाढायचे थांबेना. आधी राजाला बेडूक गिळवेना, मग श्वास पुरेना. तेव्हा सेनापती कृष्णदंत बोधिसत्त्वाला बाजूला घेऊन म्हणाला, "अमात्यजी, तुम्ही फक्त काही करू नका. सिंहासन तुमचंच."

"आणि त्यांचा श्वास?"

"तो त्यांचा प्रश्न."

बोधिसत्त्व तडक राजाकडे गेला. तरुणपणी हा अमात्य मुंगसाच्या तोंडातून सुटला होता. तेव्हापासून त्याच्या पाठीवरचे खवले उलटे वाढत, आणि दरबारी त्याला मागून 'किसणी' म्हणत. एके काळी ते ऐकून तो बिळाबाहेर पडत नसे. पण जखमा ठणकत राहिल्या, आणि त्या ठणक्यानेच त्याला दुसऱ्याचे दुखणे ओळखायला शिकवले. मग लाज आपोआप गेली.

त्याने राजाच्या फण्याचे गवत सोडले. म्हणाला, "महाराज, घासायला इथे एकच खडबडीत जागा उरली आहे. माझी पाठ."

"माझं कमळ जाईल रे."

"जाईलही. पण जीव राहील."

राजाने तोंड घासले. ओठांपाशी कात फाटली, तशी त्या कळेत आंधळ्या राजाने समोर आले ते कडाडून धरले. समोर बोधिसत्त्वाची मान होती. सापाला सापाचे विष बाधत नाही म्हणतात; दात मात्र लागतात. तो हलता तर राजाचा आधार सुटला असता, म्हणून हलला नाही. फाटलेली कात शेपटापर्यंत सरकायला पौर्णिमेची अमावास्या झाली.

डोळ्यांवरचा पडदा गेला. कात पांढरी, कोरी पडली होती आणि कमळ फण्यावर जागच्या जागी होते. दरबाऱ्यांनी बघायला पाण्याचे पात्र पुढे केले, पण राजा अमात्याच्या मानेकडे पाहत होता.

"हे काय लागलं तुम्हाला?"

"कात टाकताना लागलं, महाराज."

कोणाची, ते बोधिसत्त्वाने सांगितले नाही. राजाने फणा खाली केला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली तेव्हा विहाराच्या दाराशी एक भिक्षू गाठोडे घेऊन उभा होता, आणि शेजारी त्याला निघायची घाई करणारा त्याचा सोबती. थेरांचे, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंचे, बोल जिव्हारी लागले म्हणून भिक्षू विहार सोडून निघाला होता. शास्ते त्याला म्हणाले, "तो राजा तू होतास. आता तुला 'चल, निघ' म्हणणारा हा तुझा सोबती सेनापती होता. पाठ माझी होती."

भिक्षूने गाठोडे खाली ठेवले. अमात्याने जी पारमिता, म्हणजे बोधिसत्त्वाचा पूर्णत्वाला नेलेला गुण, दाखवली तिला क्षांती, म्हणजे सहनशीलता, म्हणतात.