सरकारांच्या वतीनं

चिंचवळ संस्थानचे अधिपती भुजंगराव चार पायऱ्या चढले की त्यांची छाती आवळून यायची. राजवैद्य सगुणाक्कांनी त्यांना तपासलं आणि बजावलं, "सरकार, हे हृदयाचं दुखणं आहे. रोज सकाळी हळूहळू चाला, तूप कमी करा, तंबाखू सोडा."

सरकारांनी सल्ला शिरोधार्य मानला आणि हाताखालच्यांना वाटून दिला. सेनापती रोज कोसभर चालू लागले. आचारी बिनतुपाचं जेवू लागला. दिवाणांनी जन्मात तंबाखू खाल्ली नव्हती, म्हणून त्यांना ती आधी खायला लावली आणि मग सोडायला लावली. भरल्या दरबारात एकालाही यात काही वावगं दिसलं नाही!

महिन्यानं सरकार छाती धरून गरजले, "अक्का, तुमचा उपचार खोटा! आजच्या आज संस्थानाची हद्द सोडा!"

साठाव्या वर्षी घरदार सोडायचं? तरी सगुणाक्कांनी शांतपणे हात जोडले. "शिक्षा मान्य, सरकार. माझ्या वतीनं माझं गाढव आत्ताच निघेल."

"गाढव? शिक्षा तुम्हाला झालीय! ती दुसऱ्यानं भोगून कसं भागेल?"

"आणि छाती तुमची दुखतेय, सरकार. सेनापतींनी चालून कसं भागेल?"

सरकार सेनापतींच्या सपाट पोटाकडे बघत राहिले. मग मुकाट्यानं उठले आणि हळूहळू चालू लागले. दहाव्या पावलाला त्यांना धाप लागली. सवयीप्रमाणे दिवाण त्यांच्या वतीनं धापा टाकायला पुढे धावले.

"मागे व्हा," सरकार म्हणाले, "ही माझी आहे."