वानराचे बोट आणि खडकावरचे कालव

फार जुनी गोष्ट. खाडीकाठच्या राजाच्या राज्याचे अकरावे वर्ष, माघ महिना, पौर्णिमेचा दुसरा दिवस. अशा दिवशी खाडीला उधाण असते. ओहोटीला पाणी जितके लांब जाते, भरतीला तितकेच वर चढते. लहानांनी आणि थोरांनीही हे ध्यानात ठेवावे. वानराने ठेवले नव्हते.

ओहोटीला तो खडकावर उतरला. तिथे शिंपल्यात राहणारे एक म्हातारे कालव चिकटलेले होते. खळग्यात थोडे पाणी साचले होते, म्हणून त्याने आपले झाकण जरासे उघडले होते.

वानर म्हणाला, "ए दगडोबा! तुला हात नाहीत, पाय नाहीत, शेपूट नाही. तुझ्यापाशी आहे तरी काय?"

"झाकण आहे," कालव म्हणाले.

"झाकण तर मडक्यालाही असतं!" असे म्हणून वानराने खुशाल फटीत बोट घातले.

कालव दचकले. खाटकन मिटले.

वानराने हिसका दिला. पाय रोवून ओढले. कवचाला चावूनही पाहिले, तर दातच दुखले. काठावरच्या झाडावरून त्याचे भाऊबंद ओरडले, "काय रे, सोयरीक जमली वाटतं! जेवायला कधी बोलावतोस?"

तेवढ्यात भरती लागली. पाणी घोट्याला आले, मग कमरेला. भाऊबंदांचे हसू थांबले. वानराला पोहता येत होते, पण बोट खडकाला अडकलेले. पोहणार कसा?

"सोड की रे बाबा! बुडेन मी!"

कालव आतून म्हणाले, "मला काय हौस आहे? तू ओढतोस, मला भीती वाटते. भीती वाटली की झाकण आवळतं. गप्प बस. आपोआप उघडेल."

"किती वेळ गप्प बसू?"

"आत्ता बोललास. आता पहिल्यापासून बस."

गप्प बसणे वानराच्या सात पिढ्यांत कोणाला जमले नव्हते. पाणी छातीला लागले. शेपूट वळवळले, ते त्याने मोकळ्या हाताने धरून ठेवले. पाठीला खाज सुटली, खाजवली नाही. पाणी हनुवटीला आले. त्याने डोळे मिटले आणि दगडासारखा बसला.

झाकण उघडले. बोट सुटले.

वानर पोहत काठाला लागला. भाऊबंदांनी त्याला उचलून नाचवले. सारी खाडी त्यांच्या आरोळ्यांनी दणाणली.

पुढच्या ओहोटीला तो पुन्हा खडकावर आला. उधाणाने खडकावर गाळ लोटला होता. कालव त्याखाली गाडले गेले होते, गुदमरत होते. वानराने दोन्ही हातांनी गाळ उपसला. ओंजळीने पाणी ओतून खडक धुतला.

कालवाने झाकण उघडले. "हात बरे असतात," ते म्हणाले.

"गप्प बसणंही बरं असतं," वानर म्हणाला. दोघे पोटभर हसले.

ज्याच्यात काय कमी आहे ते आपण मोजत बसतो, त्याच्याकडूनच एखाद्या दिवशी जगणे शिकावे लागते.

जिवाचे देणे जिवाने फिटले.