खिशातली चिंधी

समुद्राकाठी एक गाव होतं आणि त्या गावात अंकुश नावाचा एक मेस्त्री होता. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून तो दुखणं सांगायचा. सांगितलेलं बहुतेक वेळा खरं ठरायचं, आणि माणूस बिघडतो तो इथेच.

पर्यटकांना किनाऱ्यावर फिरवायला बापूशेठनी चार जाड चाकांची, वाळूत पळणारी एक गाडी ठेवली होती. ती सात वर्षं बाबली चालवत होता. बाबली हा अंकुशचा लहानपणापासूनचा सोबती. खाऱ्या वाऱ्याने गंज चढू नये म्हणून तो गाडीला रोज गोड्या पाण्याने अंघोळ घालायचा. लोक हसायचे, म्हशीलासुद्धा कोणी एवढं घासत नाही म्हणायचे.

एकदा अंकुशने त्या गाडीचा कार्बोरेटर साफ केला. किनाऱ्यावर वाळू उडते. ती आत जाऊ नये म्हणून तिथले मेस्त्री कार्बोरेटरला हवा देणाऱ्या नळीच्या तोंडात चिंधी कोंबतात आणि काम झालं की काढतात. अंकुशनेही कोंबली.

दुसऱ्या दिवसापासून गाडी रुसली. सुरू व्हायची, पण वेग दिला की गुदमरून बंद पडायची. अंकुशने प्लग काढला, तो काळा झालेला. पुसून लावला, पुन्हा काळा. पेट्रोल बदललं, टाकी धुतली. कार्बोरेटरच्या बाजूला मात्र तो फिरकला नाही. तिथलं काम त्याने स्वतः केलं होतं, त्यात काय बघायचं!

भोवती माणसं जमली. बापूशेठनी विचारलं, "मेस्त्री, झालंय काय हिला?"

माहीत नाही, एवढं म्हणायला अंकुशची जीभ वळेना. तो म्हणाला, "खाऱ्या पाण्यात घातली असणार. आणि कोणी, ते मी कशाला सांगू?"

बाबली पुढे झाला. "मी गाडी पाण्यात घालूक नाय. तुझ्याकडसून इल्यापासून ती अशी करता. आधी तुझाच काम उघडून बघ."

"आता डायवर मेस्त्रीक शिकवतलो!" अंकुश म्हणाला. सगळे हसले. बापूशेठनी त्याच दिवशी बाबलीला कामावरून काढलं.

तिसऱ्या दिवशी, दुसरं काही उरलंच नाही म्हणून, अंकुशने हवेची नळी सोडवली. आतून तेलकट निळी चिंधी निघाली. गाडी लगेच वाऱ्यासारखी धावली. तेव्हाच तो बापूशेठकडे पळत गेला असता तर! पण त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि चिंधी खिशात घातली. शेठना सांगितलं, "आत मीठ धरलं होतं, साफ केलं."

शेठनी त्याची पाठ थोपटली. ती थाप त्याला बोचली.

गाडी पाण्यात घालणारा म्हणून बाबलीचं नाव झालं. गावात कोणी त्याच्या हाती किल्ली देईना. गाडीवर दुसरा माणूस आला. महिन्याभराने कळलं, की बाबली दूरच्या बंदरात मासेमारी बोटीवर चालला आहे, पन्नाशीत, दुखरे गुडघे घेऊन. मग मात्र अंकुशला राहवेना. तो एस.टी.च्या थांब्यावर धावला. त्याने खिशातून चिंधी काढून पुढे धरली, सगळं सांगितलं आणि ढसाढसा रडला. "चल, शेठांका आत्ताच सांगतंय," म्हणाला.

बाबलीने चिंधीकडे पाहिलं. "आत रवली ती चूक झाली, अंकुश. चूक कोणाक चुकत नाय. पण मगे ती तू खिशात घातलस, तेका काय म्हणाचा?"

एस.टी. आली. बाबलीने गाठोडं उचललं आणि तो चढला.

अंकुशने शेठना सांगितलं, गावालाही सांगितलं. आता तो प्रत्येक चिंधीला लांब शेपूट ठेवतो, नळीबाहेर लोंबणारं. बिघाड आला की आधी आपलंच काम उघडतो. त्याची कीर्ती पूर्वीपेक्षा वाढली आहे. बाबली मात्र परत आला नाही.

तात्पर्य: दोष शोधताना पहिला हात आपल्याच कामाला लावावा आणि आपली चूक सापडली की तिथल्या तिथे कबूल करावी, उशिरा कबूल केल्याने आपलं मन हलकं होतं, दुसऱ्याचं गेलेलं परत येत नाही.