पथ्याईचा वसा आणि पुरणाचा घास

ऐका पथ्याई, तुमची कहाणी.

आटपाट नगर होतं, आणि त्या नगराला खाऊ घालायची भारी हौस होती. पाहुणा आला, लाडू. पाहुणा निघाला, लाडू. पोर रडलं, गूळ. पोर हसलं, साखर. त्या नगरात एक कासार होता. त्याची बायको भिवरा. ती बांगड्यांची पेटी डोक्यावर घेई, घरोघर जाई, लेकीसुनांचे हात भरी. हात भरला की घरची बाई काय करी? कासारणीला कोरड्या तोंडानं पाठवू नये म्हणून तिच्या हातावर काही गोड ठेवी. एका घरी करंजी, दुसऱ्या घरी शिरा, तिसऱ्या घरी पेढा. भिवरा खाई, वर पाणी पिई, "अहेव राहा" म्हणे, पुढच्या घरी जाई.

असं पुष्कळ दिवस चाललं. मग काय झालं? वाटेत भिवरेच्या टाचेत काच गेली. जखम झाली. हळद भरली, बरी होईना. कडुनिंब बांधला, बरी होईना. तेल सोडलं, बरी होईना. उलट चिघळत चालली. तहान तर अशी लागे की घरचा माठ पुरेना. मग ती वैद्याकडे गेली. वैद्यानं नाडी पाहिली, जीभ पाहिली, टाच पाहिली. म्हणाला, "भिवरे, तुझ्या अंगात गोडी फार साठली. औषध मी देतो, पण गूळ, साखर, तळण बंद कर. भात आवर. ज्वारीची भाकर, मूग, पालेभाजी, ताक, एवढ्यावर राहा. जीभ आवरलीस तर पाय राहील. नाहीतर पाय काढावा लागेल."

कासारणीचा पायच गेला तर ती दारोदार जाणार कशी? भिवरा हबकली. रडत रडत घरी आली.

शेजारीण द्वारकाक्का दारातच उभी होती. तिला सगळं आधी कळत असे. ती म्हणाली, "नुसतं पथ्य टिकायचं नाही गं. जीभ माणसाचं ऐकत नाही, देवाचं ऐकते. तू पथ्याईचा वसा घे."

"तो वसा कसा घ्यावा, अक्का?"

"सांगेन. पण उतशील, मातशील, कुणी आग्रह केला की टाकशील."

"उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकत नाही."

मग द्वारकाक्का म्हणाली, "सकाळी उठावं, न्हावं, पाटावर ज्वारीची मूठ मांडावी. वर कडुनिंबाचं पान ठेवावं, हळदकुंकू वाहावं. आई पथ्याई, आजच्या दिवस माझी जीभ तुझ्या ओटीत, असं म्हणावं. मग सांगितलेलं तेवढंच खावं."

"आणि सणावाराला?"

द्वारकाक्का थबकली. "सणावाराचं काही मला ठाऊक नाही बाई. आमच्या सासूबाईंनी एवढंच सांगितलं होतं."

तिथंच सगळा घोळ झाला.

भिवरेनं वसा घेतला. पहिल्या घरी गेली. तिथं बारसं होतं. बाळंतिणीनं पेढा पुढं केला. भिवरा म्हणाली, "मला पथ्य आहे." बाळंतिणीचे डोळे भरले. "माझ्या लेकराचं तोंड सगळ्यांनी गोड केलं, तुलाच जड झालं?" दुसऱ्या घरी गेली. तिथं लेक सासरी निघाली होती. तिच्या आईनं लाडू पुढं केला. भिवरा म्हणाली, "मला पथ्य आहे." आई म्हणाली, "जाताना अपशकुन कशाला करतेस गं?" तिसऱ्या घरी सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा आला. भिवरेनं कपाळाला लावला नि पदराला बांधला. म्हातारा यजमान म्हणाला, "प्रसादाला पथ्य? देवापेक्षा वैद्य मोठा झाला का?"

मग बायका आपसांत बोलू लागल्या. भिवरेला कुणाचं गोड बघवत नाही, असं म्हणू लागल्या. हात भरायला दुसरी कासारीण बोलावू लागल्या. इकडं जखम मात्र सुकू लागली होती. पाय बरा होतोय, पण जायला घरं उरत नाहीत! भिवरेला कळेना, हसावं की रडावं.

तिनं नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "एवढ्याशानं काय होतंय? माणसं तोडू नकोस. खा." तिनं द्वारकाक्काला विचारलं. ती म्हणाली, "एकदा सुटलीस की सुटलीसच. खाऊ नको." आणि संध्याकाळी वाटी घेऊन आली. "खरवस केलाय गं. चिकाचा आहे, रोज का मिळतो? घे एवढा." भिवरा तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. मग वैद्याला विचारलं. वैद्य म्हणाला, "क्वचित एखादा घास चालतो."

"क्वचित म्हणजे कधी?"

"क्वचित म्हणजे क्वचित. रोज नाही."

"पण कधी?"

"बाई, माझ्याकडे अजून माणसं बसलीत," वैद्य म्हणाला.

भिवरेनं रात्रभर विचार केला आणि मनाशी ठरवलं, की क्वचित म्हणजे सणाला. सणाला खावं, एरवी पाळावं. तिला फार बरं वाटलं.

पण पुढं आला श्रावण. सोमवारी शंकराचा, मंगळवारी गौरीचा, बुधवारी बुधाचा, गुरुवारी बृहस्पतीचा, शुक्रवारी जिवतीचा, शनिवारी मारुतीचा. रविवार राहिला, तर आदित्यराणूबाईचा. नव्या नवरींच्या मंगळागौरी, तिथं बांगड्या भरायला भिवरा हवीच. एक सण तिचा, दहा सण लोकांचे. आणि मधे उपास. उपासाच्या दिवशी तर भिवरा निर्धास्त असे. उपास म्हणजे पथ्यच की! जेवायचंच नाही. मग ती साबुदाण्याची खिचडी खाई, रताळ्याचा कीस खाई, राजगिऱ्याचा लाडू खाई, आणि देवीला म्हणे, "आई, आज मी काही खाल्लं नाही."

जखम उघडली. टाच सुजली. बोट लावलं तर कळेना, टोचलं तर कळेना. वैद्यानं टाच उलटीसुलटी करून पाहिली. मग म्हणाला, "अजून थोडे दिवस वाट पाहू. आता चुकलीस तर मी करवत आणतो." भिवरा लंगडत ओढ्यावर गेली, पाय धुवायला बसली आणि मोठ्यानं रडू लागली.

तिथं एक म्हातारी आली. हात मोकळे, कपाळ मोठं. म्हणाली, "कासारणी, माझे हात भर."

भिवरेनं डोळे पुसले. हात भरले. म्हातारी बांगड्या वाजवून बघत म्हणाली, "वसा घेतला होतास. उतलीस ना? मातलीस ना?"

भिवरेनं ओळखलं. पाय धरले. "आई, उतले नाही, मातले नाही. दर वेळी कुणीतरी चालतं म्हणालं म्हणून खाल्लं."

"मी चालतं म्हटलं होतं?"

"नाही."

"मग?"

"चालत नाही, असं तरी तुम्ही कुठं म्हटलं होतं? सणावाराचं तुमच्या वशात काही नाहीच!"

पथ्याई ओढ्यात पाय सोडून तिच्याशेजारी बसली. म्हणाली, "ते खरं आहे. एकीला एक घास बाधतो. दुसरीला घासभरही दिला नाही, तर ती महिनाभर कुढते आणि एक दिवस डबा घेऊन कोपऱ्यात बसते. एक नियम सांगितला तर एकीचा जीव जातो, दुसरा सांगितला तर दुसरीचा. मलाही उमजत नाही गं. म्हणून मी काही बोलले नाही."

"तुम्हालाच उमजत नाही, तर मी काय करू?"

"बारशाच्या पेढ्याची चव कशी होती?"

"तो मी खाल्ला नव्हता."

"मंगळागौरीचा शिरा?"

भिवरा आठवू लागली. "आठवत नाही."

"राजगिऱ्याचा लाडू?"

"नाही आठवत."

"अक्काचा खरवस?"

भिवरेनं मान खाली घातली. "वाटी परत द्यायची होती, म्हणून भरभर खाल्ला."

"एवढं खाल्लंस, त्यात तुझ्या भुकेचं काय होतं?" पथ्याई म्हणाली. उठली, बांगड्या वाजवीत ओढा उतरून गेली. खाऊ की नको, ते तिनं सांगितलंच नाही.

भिवरा घरी आली, पुन्हा वसा धरला. सण गेला, उपास गेला, भाकर आणि मूग खाल्ले. सूज उतरू लागली. पण तेवढ्यात पाटलीणबाईंचं बोलावणं आलं. त्यांची धाकटी लेक येसू तापानं खंगली होती. ताप गेला, पण पोर अन्नाला शिवत नव्हती. पाटलीणबाईंनी जिवतीला नवस केला होता. शुक्रवारी सवाष्ण जेवू घालायची, पुरणावरणाचं पान, पोटभर. सवाष्ण म्हणून भिवरेलाच सांगितलं, कारण येसूच्या हातात पहिली बांगडी तिनंच भरली होती.

भिवरा गेली नाही, तर नवस राहिला. गेली आणि जेवली, तर पाय गेला. ती गेली.

पाट मांडला, रांगोळी घातली. पान वाढलं. पुरणपोळी, वर तुपाची धार. सगळ्या बायका भोवती बसल्या. भिवरेनं हात जोडले आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, "पाटलीणबाई, मी यातला एकच घास खाईन. बाकी भाकर द्या."

पाटलीणबाईंच्या हातातली पोळी तशीच राहिली. "सवाष्ण अर्धपोटी उठली तर माझ्या पोरीचं काय होईल?"

"आणि माझ्या पायाचं?"

"एका दिवसानं पाय जात नाही."

"एका पोळीनं पोर वाचत नाही, असं मी म्हटलं तर?"

सगळ्या बायकांनी गलबला केला. एक म्हणाली, शास्त्र मोठं. दुसरी म्हणाली, जीव मोठा. तिसरी म्हणाली, अर्धी पोळी खा, म्हणजे दोन्हीकडचं राहील. द्वारकाक्का आधी इकडून बोलली, मग तिकडून बोलली.

भिवरेनं पुरणाचा एक घास मोडला. सुपारीएवढा. तोंडात घातला आणि डोळे मिटले. वेलदोडा होता. जायफळ होतं. पुरण पाट्यावर वाटलेलं होतं, यंत्रातून काढल्यासारखं गुळगुळीत नव्हतं, डाळीचा कण लागत होता. गुळाला किंचित खार होता. केवढा तरी वेळ ती तो घास चघळत बसली. कुणाला घाई करवेना.

मग डोळे उघडले. पाटलीणबाई डावभर पुरण आणि तूप वाढायला वाकल्या, तशी भिवरेनं पानावर हात आडवा धरला.

"वाढते."

"नको."

"थोडंसं."

"नको."

"माझ्या गळ्याची शपथ!"

"नको हो बाई," भिवरा म्हणाली, पण हात हलू दिला नाही.

पाटलीणबाईंच्या हातातला डाव निसटला. पुरण आणि तूप भिवरेच्या हातावर पडलं. मनगटापर्यंत ओघळलं. तेवढ्यात दाराआडून येसू आली, भिंत धरून चालत. भिवरेजवळ उकिडवी बसली, तिच्या हातातल्या बांगड्या बाजूला सारल्या आणि मनगटावरचं पुरण चाटू लागली. चाटून झालं, तशी म्हणाली, "अजून."

पाटलीणबाई पोरीजवळ खाली बसल्या. भिवरेनं पान पुढं ओढलं. आपल्या हातानं घास केले, सवाष्णीच्या हातचे म्हणून येसूला भरवले. पोर पोळी जेवली, ताटाला बोट लावून तूपही चाटलं. मग पाटलीणबाई स्वतः उठल्या, चुलीवर भाकर भाजली आणि गरम गरम भिवरेच्या पानात वाढली. भिवरा पोटभर जेवली.

नवस फिटला की नाही? बायका घरी जाईपर्यंत भांडत होत्या. कुणी म्हणे पान संपलं, म्हणजे फिटला. कुणी म्हणे संपवलं दुसऱ्यानं, म्हणजे राहिला. येसू मात्र दुसऱ्या दिवशी भात मागून जेवली.

भिवरेनं सकाळी ज्वारीची मूठ मांडली, पान ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. म्हणाली, "आई, काल मी एक घास खाल्ला. माझ्या भुकेनं खाल्ला. वसा मोडला की राहिला?" पथ्याई काही बोलली नाही. भिवरा वाट बघत बसली. मग उठताना तिच्या ध्यानात आलं, की टाच जमिनीला लागतेय आणि दुखतेय. कितीतरी दिवसांनी दुखत होती. वैद्यानं पाहिलं आणि करवत माळ्यावर टाकली. म्हणाला, "दुखतंय म्हणजे जिवंत आहे."

ती पेटी घेऊन पहिल्या घरी निघाली. त्यानंतर कुणी गोड पुढं केलं, तर कधी घास घेई, कधी हात आडवा धरी. बायका विचारत, "नक्की किती चालतं गं?" ती म्हणे, "आजचं सांगते. उद्याचं उद्या विचारा."

तिचा पाय जसा तिला राहिला, तसा तुमचा आमचा राहो. येसूला जशी भूक लागली, तशी रुसलेल्या लेकरांना लागो. आग्रह करणारीचा हात थांबो, नको म्हणणारीचा जीव न दुखो. ही साठा घासांची कहाणी पाचा घासांत आवरली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.